पाऊण इंच वर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बोट घसरली त्या दिवशी तिचं इंजिन पाऊण इंच वर होतं, आणि ते मी चढवलेलं होतं. चौकशीला माणसं आली तेव्हा ते खाली होतं. तेही मीच उतरवलेलं होतं.

आता पहिल्यापासून सांगतो. अर्धी कबुली देऊन मोकळे होणारे लोक मला आवडत नाहीत.

मी अंबडला औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर. नऊ वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी धरणावर एका शेठची स्पीडबोट सांभाळायचो. लांबट, बुटकी बोट, पुढे दोन जागा, मागे तीन, आणि मागच्या फळीला टांगलेलं भलंमोठं इंजिन. शेठ पाहुण्यांना तिच्यातून फिरवायचा. चालवणारा सायखेड्याचा, माझ्याच वयाचा. गोदावरीच्या काठावर वाढलेला. गावात पूर आला की होडी त्याच्याच हातात. म्हाताऱ्या बायका त्याच्याशिवाय दुसऱ्याच्या होडीत पाय ठेवत नसत. हे तो स्वतः कधी बोलला नाही, त्याच्या गावच्या लोकांकडून मी ऐकलेलं.

इंजिन फळीवर चार बोल्टांनी बसतं, आणि बोल्टांसाठी एकाखाली एक भोकं असतात. एक भोक वर घेतलं की इंजिन पाऊण इंच वर. तेवढा इंजिनाचा खालचा भाग पाण्याबाहेर येतो, पाण्याचा अडसर कमी होतो, बोट पळते. पण बोट ढकलणारा पंखाही पृष्ठभागाच्या जवळ येतो, आणि वळणावर तो पाण्याऐवजी हवा पकडू शकतो. हवा पकडली की इंजिन नुसतं किंचाळतं, बोटीला जोर मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे पंखाच तसा घ्यायचा, स्टीलचा, पात्यांच्या कडा किंचित आत वळवलेल्या. त्या कडा पाणी सोडत नाहीत. म्हणजे उंची आणि पंखा ही जोडी. एकाला हात लावला तर दुसऱ्याला लावावाच लागतो.

हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

इंजिन एक भोक वर घेतलं आणि स्टीलचा पंखा बसवला. त्याच्या कडा मी स्वतः कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ठोकून वळवल्या होत्या. बोट ताशी सहा किलोमीटरनं वाढली. शेठ खूश. चालवणाऱ्यानं विचारलं, "मिस्तरी, काय जादू केली?" मी म्हणालो, "साफसफाई." माझं गुपित माझ्याजवळ राहावं, एवढीच मस्ती.

आणि लिहूनच ठेवतो, त्या पाऊण इंचाची मला लाज नाही. आजही नाही. ते काम चोख होतं. कुणी म्हणेल, फिटरनं फिटरसारखं राहावं, वेगाच्या नादी कशाला लागावं. म्हणू दे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे भोकं पाडली, एक भोक माझ्या डोक्यानं निवडलं. लाज वाटते ती पुढच्याची.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं, बुडालेल्या शेतांचे बांध वर आले. एका बांधाला पंखा घासला, पात्याचा तुकडा उडाला. दुरुस्तीला काढला आणि जागी जुना साधा अॅल्युमिनियमचा बसवला. इंजिन मात्र वरच राहू दिलं. खाली घ्यायला चेनपुली लावावी लागते, तासभर जातो. पण त्या दिवशी सकाळी वेळ होता. पाहुणे अकराला येणार होते, मी आठलाच पोहोचलो होतो. खरं कारण वेगळं. शेठनं पाहुण्यांना बोटीचा वेग सांगून ठेवला होता आणि तो आकडा माझा होता. तो माझ्या हातानं खाली आणायचा नव्हता.

चालवणाऱ्यानं वाकून पाहिलं. "पंखा बदलला व्हय?"

"तात्पुरता."

"बाकी काय हलवलंय का? आत्ताच सांग, लय माणसं हायेत आज."

"बाकी काही नाही."

असं मी म्हणालो. त्याच्या डोळ्यात बघून.

सरळ गेली तोवर बोट ठीक होती. मग परतीचं वळण. काठावर उभ्या मला आधी आवाज ऐकू आला, इंजिनाची किंकाळी. पंख्यानं हवा घेतली होती. बोट आडवी घसरायला लागली. चालवणाऱ्यानं घाईनं इंजिनाचा जोर कमी केला, कुणीही केला असता. तेवढ्यात पंख्याला एकदम पाणी मिळालं आणि बोटीनं असा हिसका दिला की तो चाकावर आपटला. खांद्याचं हाड मोडलं. मागच्या एका पाहुण्याचं मनगट गेलं. बोट उलटली नाही, कारण मोडलेल्या खांद्यानं त्यानं चाक सोडलं नाही.

सगळे त्याला घेऊन दवाखान्यात गेले. बोट ट्रॉलीवर ओढून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली. दुपारचे दोन वाजले असतील. मी एकटाच होतो. चेनपुली लावली आणि इंजिन एक भोक खाली घेतलं. तासभर लागला. सकाळी जो तास काढला नाही तो दुपारी काढला.

चार दिवसांनी चौकशी. शेठ, विम्याचा माणूस आणि इंजिनातला एक जाणकार. चालवणारा हात गळ्यात अडकवून आला होता. तो म्हणाला, "पंख्यानं हवा घेतली, साहेब. इंजिन वर असल्याबिगर असं व्हत नाय."

जाणकार माझ्याकडे वळला. मी बोटीच्या बुडाला पोलादी पट्टी लावली, इंजिनाची उंची मोजून दाखवली आणि म्हणालो, "माप बरोबर आहे."

त्या घटकेला ते खरंच बरोबर होतं. खोटा शब्द न बोलता इतकं खोटं बोलता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

शेठ चालवणाऱ्याला म्हणाला, "पाहुण्यांसमोर शायनिंग मारायला गेलास ना?" त्याला कामावरून काढलं. तो माझ्याकडे न बघता फळीकडे बघत राहिला.

गेल्या महिन्यात मी सायखेड्याला गेलो. इतकी वर्षं लागली. भित्रा होतो, एवढंच. तो शेतात होता, झेंडूची तोडणी चाललेली. मला बघून उठला नाही.

"या मिस्तरी. द्वारका चौकातून सायखेड्याची गाडी सापडायला नऊ वर्षं लागली व्हय?"

मी तोंड उघडलं. त्यानं कातरीचा हात वर केला.

"सांगू नको. मला तवाच दिसलं व्हतं. वरच्या भोकाभवती वॉशरचा गोल चकचकीत व्हता. तिथं बोल्ट नाय, तर रंग कशानं उडला?"

"मग बोलला का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार व्हतं? पट्टी तुझ्या हातात व्हती." तो पुन्हा फुलं तोडायला लागला. "त्याच साली पावसाळ्यात मोठा पूर आला. बोटीचं गावभर झालं व्हतं. होडी काढली तवा पोरांनी मला दोरी धरायला दिली. म्हणाली, काका, तुम्ही काठावरच बरे."

तो हसला. मला हसता आलं नाही. त्याच्या बायकोनं चहा आणला. तो प्यायलो.

निघताना तो म्हणाला, "माझ्यापाशी सांगून काय व्हणार? मला म्हाईतच हाय. ज्यांच्यासमोर पट्टी लावली त्यांना सांग. अन् इथं गावात सांग."

शेठला फोन केला. म्हणालो, त्या दिवसाबद्दल बोलायचंय, विम्याच्या माणसाला आणि जाणकारालाही बोलवा. तो म्हणाला, "बोट विकली, विम्याचं मिटलं. तुम्ही कशाला जुनं उकरता? तुमच्यावरच येईल." येऊ दे. माझ्यावर यायला नऊ वर्षं उशीरच झालाय. तो ऐकत नाही म्हणून हे लिहिलं. आता त्यानं वाचावं, त्या जाणकारानंही वाचावं. पट्टी माझ्याकडे अजून आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं इंजिन आणावं, मी एका भोकाचा फरक मापून दाखवीन.

बायको विचारते, रोज काय लिहिताय एवढं? म्हटलं, संपलं की आधी तूच वाच.

राहिलं ते एवढं. सायखेड्याच्या घाटावर, जिथून होडी सुटते तिथे, त्या पोरांसमोर आणि म्हाताऱ्या बायकांसमोर उभं राहून माझ्या तोंडानं सांगायचं, की चूक त्याची नव्हती, माझी होती. ते मी त्याचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.