या डब्यातून त्या डब्यात

"लिहून ठेवते, सांगत नाही."

समोरची मुलगी बोलता बोलता थांबली की बाई एवढंच म्हणायच्या आणि पदराआड फोन धरून एका बोटाने टाइप करायला लागायच्या. टाइप करताना ओठ हलायचे. एका ओळीला त्यांना इतका वेळ लागायचा की तेवढ्यात ती मुलगी आणखी दोन गोष्टी सांगून मोकळी व्हायची.

आमचं ऑफिस डहाणू रोडला, स्टेशनपासून चार पावलांवर, एका दुकानाच्या माडीवर. रुग्णसेवेचा छोटा कोर्स आम्ही चालवायचो, मुलींच्या राहण्या-जेवणासकट. तलासरीकडच्या पाड्यांवर जाऊन मुली शोधायच्या आणि त्यांच्या घरच्यांना समजवायचं, हे बाईंचं काम. मी टेबलावर. झालोय बी.ए., पण कॉम्प्युटर हाताळतो म्हणून बाई मला इंजिनिअर म्हणायच्या. "काय इंजिनिअर, जेवलास का?" चेष्टा की कौतुक, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या नोंदी तुम्ही वाचायला हव्या होत्या. 'या घरी आधी आजीशी बोलायचं.' 'बाप चांगला, काका नाही.' 'इथे चहा नको म्हणू नये आणि दुसरा कप मागू नये, दूध शेजारून आणतात.' हे सगळं फोनमधल्या नोट्सच्या अ‍ॅपमध्ये. पावसाच्या तोंडावर एकदा त्यांनी मला शेवळांची, त्या रानभाजीची, जुडी आणून दिली. खाज मारायला त्यात आंबट काकडं घाल, असं दोनदा बजावलं. मी विसरलो, आणि दोन दिवस घसा खाजवत बसलो. बाई हसून हसून दमल्या. "तुला लिहूनच द्यायला हवं होतं!"

मग साहेबांच्या डोक्यात ते आलं. कोर्सची चौकशी करणारी मुलगी म्हणजे आमच्या भाषेत लीड. लीडचं वेगळं अ‍ॅप होतं, आणि ते रिकामं. "बाईंच्या फोनात एवढा माल पडलाय, आणि इथे काय? शून्य! जोडून टाक दोन्ही. हल्ली कोडिंग-बिडिंग लागत नाही."

खरंच लागत नाही हो. दोन दिवस व्हिडिओ पाहिले आणि जमलं. स्क्रीनवर चौकोन ओढायचे, मध्ये बाण जोडायचा. पहिला चौकोन बाईंच्या नोट्स, दुसरा लीडचं अ‍ॅप, तिसरा मेसेज. नोंदीत दहा आकडी नंबर दिसला की तिची आपोआप लीड व्हायची, आणि नोंद नवी असली की त्या नंबरवर आपोआप मेसेज जायचा. मेसेजात नोंदीच्या शेवटच्या ओळी घालायच्या, ही साहेबांची कल्पना. "आपण त्यांचं ऐकलंय हे त्यांना कळलं पाहिजे. आपलेपणा वाटतो."

मी माझ्याच नंबरवर करून पाहिलं. टिंग! 'आपण आम्हाला सांगितलं होतं: शेवळं खाऊन घसा खाजतोय. आम्ही सदैव आपल्यासोबत आहोत.' ऑफिस खो खो हसलं. बाईसुद्धा हसल्या, मग स्क्रीनवर वाकून पाहायला लागल्या.

"माझं लिहिलेलं जातं कुठे रे?"

"कुठेच नाही बाई. या डब्यातून त्या डब्यात."

"बाहेर नाही ना?"

"छे हो!"

मेसेज जातो तो ज्या मुलीचं बोलणं तिलाच, त्यात बाहेर काय गेलं, असा माझा हिशोब. नंबर म्हणजे एका माणसाच्या खिशातला फोन, एवढंच मला ठाऊक. मी पडलो स्टेशनजवळचा माणूस.

तलासरीकडच्या वेवजीच्या एका पाड्यावर रेंज फक्त दुकानाशी येते. म्हणून सगळा पाडा दुकानाचाच नंबर देतो. गॅसचा मेसेज असो, रेशनचा असो, दुकानदार तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो. वाईट माणूस नाही तो, लोकांची सोय म्हणून करतो. बाईंना हे पक्कं माहीत. त्या दुकानात फोन लावायच्या तेव्हा एकच निरोप असायचा, "बाई गुरुवारी येतायत म्हणावं." त्यापुढे एक शब्द नाही.

जोडणी झाल्यावरच्या पहिल्याच गुरुवारी त्यांनी जयूची नोंद लिहिली, वर नेहमीसारखा दुकानाचा नंबर. जयू बारावी झालेली, कोर्सला यायला एका पायावर तयार, आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी चाललेली. तिच्या घरी बसून लिहिलं तेव्हा रेंज नव्हती. परतताना बाई दुकानापाशी जीपची वाट पाहत उभ्या राहिल्या, तिथे फोनला रेंज मिळाली आणि नोंद सुटली. बाई जीपमध्ये बसून निघाल्या, आणि मागे दुकानातला फोन वाजला.

'नमस्कार जयू! आपण आम्हाला सांगितलं होतं: लग्न नको, घरी सांगायचं नाही. सोमवारी सकाळच्या जीपने एकटी निघणार. आम्ही सदैव आपल्यासोबत आहोत.' पुढे जोडलेले दोन हात.

सोमवारी बाई सकाळपासून तलासरीच्या नाक्यावर उभ्या. दुपारी मला फोन आला.

"इंजिनिअर, पोरगी आली नाही रे."

मी लीड उघडली. मेसेज पोचला, मेसेज वाचला. नंबर पाहिला आणि तोच शोधून पाहिला. त्याच नंबरच्या आणखी नऊ लीड होत्या, जुन्या नोंदींतून आलेल्या, सगळ्या वेगवेगळ्या मुलींच्या. मला सगळं कळलं, अगदी त्या क्षणी कळलं. आणि मी काय म्हणालो असेन?

"गाडी चुकली असेल, बाई."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मलाही बाईंबरोबर पाड्यावर धाडलं. जीपमधून उतरलो तर दुकानापाशी बसलेली माणसं बोलायची थांबली. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "बाई, मेसेज आला तो मी वाचला. वाचायचा नाय तर पाठवलात कशाला?"

बाईंना तेव्हा कळलं. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

पाड्यात शिरलो तशा बायका आपापल्या मुलींना आत घ्यायला लागल्या. ज्या घरी आजीशी आधी बोलायचं होतं, त्या घरच्या आजीने तोंड फिरवलं. जयूचा बाप अंगणात बसला होता. "शनिवारीच नेली तिला. पलीकडं, मामाकडं. लग्न तिथूनच होईल." पलीकडे म्हणजे गुजरातेत. मग त्याने विचारलं, "बाई, ते तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "मीच लिहिलं."

पाठवलं मी होतं. मी तिथेच, त्यांच्या शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही. ती लाज अजून गेलेली नाही, आणि जाऊही नये.

परतताना बाई तलासरीपर्यंत जीपमध्ये पुढे बसल्या, मी मागे. उतरताना म्हणाल्या, "या डब्यातून त्या डब्यात म्हणालास ना? मग ती पोरगी आता कुठल्या डब्यात आहे, ते सांग मला."

त्या संध्याकाळी मी तिसरा चौकोन काढून टाकला. मेसेज बंद. साहेब चिडले, चिडू देत. बाई मात्र परत ऑफिसात आल्या नाहीत. त्यांच्या खोलीला कुलूप, फोन उचलत नव्हत्या.

आठवडाभराने माझ्या स्क्रीनवर जयूच्या नावाखाली नवी ओळ पडली.

'मामाच्या घरी गेले. दार उघडलं नाही.'

पहिले दोन चौकोन अजून जोडलेलेच होते. आपण लिहू ते माझ्यासमोर पडणार, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. त्या मला वाचायला लावत होत्या. जयूच्या त्याच नोंदीखाली लिहीत होत्या, पण नवा नंबर एकाही ओळीत नव्हता. दर दोन-तीन दिवसांनी एक ओळ यायची. 'लग्न झालं म्हणतात. गाव सांगत नाहीत.' मग 'गाव कळलं.' मग 'घर सापडलं. बाहेरूनच परत पाठवलं.' सकाळी कॉम्प्युटर लावायला माझा हात धजेना. साहेब मात्र खूश. "बाई फिल्डवर आहेत वाटतं. एन्ट्री तर येतायत!"

"बाई, परत या, मी येतो बरोबर," असं मी कितीदा तरी लिहून पाठवलं. उत्तर नाही.

मग एका सकाळी ही ओळ आली.

'भेट झाली. मला ओळखत नाही म्हणाली. मागे सासू उभी होती. पोरीचा हात कडीवर होता, पण दार लावून घेतलं नाही.'

मी ती वाचतोय तोवर जयूची ओळ हिरवी झाली. 'भेट झाली' हे शब्द आले की लीड यशस्वी धरायची, असंही मीच कधीतरी सांगून ठेवलं होतं. पाठोपाठ ऑफिसच्या ग्रुपवर आपोआप अभिनंदन गेलं आणि त्याखाली अंगठे पडायला लागले. पहिला साहेबांचा.

मी बाईंना फोन लावला. बंद होता. त्यानंतर त्यांची एकही नोंद आलेली नाही, आणि जयूची ओळ अजून हिरवीच आहे.