वीणा खाली ठेवत नाहीत

"खाली ठिव. मी उचलतो."

सुदामभाऊ असं म्हणाले तेव्हा वीणा माझ्या गळ्यात होती. आमच्या गावचा सप्ताह चालू होता. ऊन कललं होतं. सप्ताह उठेपर्यंत वीणा जमिनीला टेकत नाही. एकानं ती गळ्यात घालून उभं राहायचं. त्याचा पहारा संपला की पुढच्यानं त्याच्या हातातून घ्यायची. घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. लहान-मोठा बघायचा नाही. हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. सुदामभाऊ तर सप्ताहाचे मानकरी.

मी म्हणालो, "भाऊ, वीणा खाली ठेवत नाहीत."

"मला शिकिवतो का? इंजिनेर झाला म्हून?"

टाळकऱ्यांमधून एक जण म्हणाला, "राव, बाप भायेर हलगी तापवतोय आन पोरगं आत वीणा धरतंय. घरातच बँड झाला की सगळा."

हसले सगळे.

आमचं घर मातंगाचं. बाप लग्नात, जत्रेत, मिरवणुकीत हलगी वाजवतो. देवळाच्या पायरीखाली उभा राहून. वर येऊ नको असं त्याला कुणी म्हणत नाही. तोच जात नाही.

मला गाणं दिलं ते गुरुजींनी. शाळेत परिपाठाला ते पेटी वाजवायचे. माझा आवाज त्यांनी हेरला. सुट्टीत घरी बोलावून ओसरीवर अभंगांच्या चाली शिकवल्या. मृदंगाला कणीक किती लावायची, टाळ कुठे मोकळा सोडायचा, वीणा कशी धरायची, सगळं त्यांनी शिकवलं. अवसरीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तो त्यांच्याच धावपळीनं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आज हे लिहितोय त्यात त्यांचा वाटा आहे. मी नाकारत नाही.

त्या दिवशी वीणा मला त्यांनीच दिली. कांदाकाढणी चालू होती, माणसं शेतात. दुपारच्या पहाऱ्याला कुणी फिरकलं नाही. गुरुजी सकाळपासून उभे होते, पाय सुजलेले. मी सतरंज्या अंथरत होतो.

"ये रे," ते म्हणाले. "घे गळ्यात."

मी त्यांच्या पाया पडलो. तेही वाकले आणि माझ्या पाया पडले. विणेकऱ्याच्या पडतात तसे.

देवळात तेव्हा आम्ही दोघंच होतो.

आता देवळात माणसं होती. मी गुरुजींकडं पाहिलं. ते उठले. वाटलं, बोलतील. म्हणतील, वीणा मी दिली आहे, रीतीनं घ्या. त्यांनी कोपऱ्यातला पाट आणला. त्यावर स्वतःचं धुतलेलं उपरणं पसरलं.

"इथं ठेव बाळा. पाटावर ठेवली म्हणजे खाली ठेवली असं होत नाही."

नियम त्यांनीच शिकवला होता. शिकवताना पाटाचं काही बोलले नव्हते.

"गुरुजी, हातातून घ्या. तुम्ही घेतली तरी चालेल."

ते उपरण्याच्या सुरकुत्या काढत राहिले.

मग कुणीतरी बापाला हाक मारली. बाप पायऱ्या चढून आत आला. जन्मात पहिल्यांदा. हातात हलगीच्या काड्या तशाच.

"ठिव रं लेकरा. आपल्याला ह्याच गावात ऱ्हायाचंय."

मी ऐकेना. तसा तो वाकला आणि त्यानं माझे पाय धरले. विणेकऱ्याच्या पाया सगळा गाव पडतो. त्या दिवशी चार लोकांसमोर माझ्या पाया एकटा माझा बाप पडला. तोही वीणेसाठी नाही. भीतीनं.

"ऊठ आबा," मी म्हणालो.

वीणा ठेवली नाही.

मग एक जण मोटारसायकलवर शेजारच्या गावी गेला आणि तिथल्या देवळातली वीणा घेऊन आला. तिला हार घातला. गुरुजींनी ती सुदामभाऊंच्या गळ्यात घातली, त्यांच्या पाया पडले आणि अभंग धरला. टाळ सुरू झाले. मी चार हातांवर उभा. माझ्याकडं कुणी बघेना. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पहारा तिकडं सरकला होता, एवढंच. माझ्या गळ्यात नुसतं लाकूड उरलं.

मी ते घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गुरुजी वस्तीवर आले. नेहमीसारखा आईच्या हातचा चहा घेतला.

"देऊन टाक. मी गुपचूप नेऊन ठेवतो. चोरीची तक्रार द्यायचं म्हणतायत ते. उद्या नोकरीला चौकशी झाली तर वाटोळं होईल तुझं."

"चोरली कुठं गुरुजी? तुम्हीच दिली ना?"

"ते मला माहीत आहे."

"मग सांगा त्यांना."

त्यांनी कप खाली ठेवला. मग चपला घालून निघून गेले.

तक्रार झाली तर जबाब द्यावा लागेल. मी देईन. वीणा चोरलेली नाही, माझ्या हातातून घ्यायला माणूस नव्हता, हे सांगेन. सुदामभाऊंचं नाव सांगेन. ते सोपं आहे. मग साहेब विचारतील, तुला दिली कुणी?

बाप म्हणतो, "त्येंचं नाव नको घिऊ. त्येंनी तुला मानूस केलं."

केलं. म्हणूनच मी गुरुजींचं नाव सांगणार. आणि देवळात कुणी नसताना ते माझ्या पाया पडले होते, हेही लिहून घ्या म्हणणार.