पट्टी उतरवा, लय नको!

गाणारी-वाजवणारी चार माणसं दर शनिवारी एका खोलीत बसवा आणि मध्ये एक टेपरेकॉर्डर ठेवा. गाणं किती जमेल ते सांगता येत नाही, पण किस्से मात्र पोत्यानं जमतात! माझ्याकडं इतके साठलेत की मी नुसतं "एकदा काय झालं" म्हटलं, की आमची ही उठून आत जाते. जाऊ दे. तुम्ही बसा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीत सुभेदारांच्या घरी आमची बैठक असायची. सुभेदार मूळचे रहिमतपूरकडचे. फौजेत सिग्नलमध्ये नोकरी करून रिटायर झाले, सांगलीत घर बांधलं आणि येताना एक स्पूलचा टेपरेकॉर्डर घेऊन आले. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळायचं नाही, पण मशीनवर जीव! दुसऱ्या कुणी बटणाला हात लावला की अंगावर यायचे. एसटीच्या डेपोतले अण्णा पेटी वाजवायचे. मुलींच्या शाळेत गाणं शिकवणाऱ्या विमलताई गायच्या. आणि मी तबल्याला. म्हणजे जमलं तर ताईंचं आणि चुकलं तर माझं!

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गाणारा कुठल्या सुरावरून गातो, त्याला आम्ही पट्टी म्हणतो. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून तिचं नाव ठरतं. लय म्हणजे गाण्याचा वेग. आणि टेपचं दुखणं असं, की फीत हळू फिरवली की पट्टी उतरते आणि लयही मरते. जोरात फिरवली की दोन्ही चढतात. एक पाहिजे तर दुसरं गळ्यात पडणारच. आम्ही सगळी वर्षं या एका दुखण्यापायी भांडलो.

*

मशीन आलं त्या पहिल्याच शनिवारी सुभेदारांनी वहिनींना माइकसमोर बसवलं. वहिनी लाजल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "काय बोलू? आवं, पोह्यात मीठ जास्त झालंय जरा, सांभाळून घ्या."

सुभेदारांनी फीत मागं घेतली आणि बटण दाबलं. मशीनला जलद आणि संथ असे दोन वेग होते. भरलं होतं जलदवर, लागलं संथवर! आतून भरदार, खर्जातला पुरुषी आवाज आला, "आऽवंऽ, पोऽह्याऽत मीऽठ..."

सुभेदार ताडकन उभे राहिले. पाय जुळवले आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"आवं, सासरं बोलत्यात!"

वहिनींचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनी आधी हसल्या, मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "परत लावा वो एकदा." सुभेदारांनी परत लावलं, आणि परत उभे राहिले.

*

मग शाळेचं गॅदरिंग. ताईंनी मुलींची लेझीम बसवली होती आणि गाणं आमच्याकडून टेपवर भरून घेतलं होतं. कार्यक्रम रंगात आला आणि नेमकी तेव्हाच आसपासच्या शिवारात लाइट आली. एकदम उसाला पाणी देणाऱ्या सगळ्या मोटारी सुरू! शाळेतले बल्ब पिवळे पडले आणि आमचं मशीन पेंगायला लागलं.

मुली इतक्या शिस्तीच्या की विचारू नका. गाणं हळू झालं, त्या हळू झाल्या. गाणं आणखी हळू झालं, तशी एक पाय उचलून त्या तशाच थांबायला लागल्या. टेपवरच्या ताईंचा आवाज एव्हाना एखाद्या पैलवानाचा झाला होता. ताई पडद्यामागं कपाळ धरून बसल्या.

पाहुणे मात्र खूश! भाषणात म्हणाले, "झटपट लेझीम सगळेच खेळतात. तोल सांभाळून खेळलेली लेझीम मी आज प्रथमच पाहिली."

त्या वर्षीपासून शाळेत लेझीम तशीच बसवायचा आग्रह सुरू झाला. ताईंना हेडबाईंची समजूत घालता घालता नाकी नऊ आले.

*

विट्याची एक म्हातारी सुभेदारांच्या शेजारी लेकीकडं यायची. मुलगा लांब परमुलखात सोनं गाळायच्या दुकानात. त्यानं कुणाच्या तरी मशीनवर बोलून एक स्पूल पाठवलं. म्हातारी ते स्पूल पदराखाली धरून आली. दोन वर्षं लेकाचा आवाज ऐकला नव्हता तिनं.

लावलं, तर पोरगा चिमणीसारखा चिवचिव करत सुटला! आम्ही सगळ्यांनी हसू दाबलं. म्हातारी कानामागं हात धरून मन लावून ऐकत होती.

"लई घाईत हाय वो पोरगं," ती म्हणाली. "धंदा जोरात दिसतोय."

सुभेदारांनी वेगाची दांडी खाली, संथवर केली आणि परत लावलं. आता पोराचा खरा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द. म्हातारीचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू!

"आता कसं! ह्ये जेवल्यावरचं बोलतोय. आता झोपल बगा."

मशीनच्या दांडीबद्दल आम्ही कुणी तिला काही बोललो नाही. दरवेळी ती दोन्ही ऐकायची. आधी घाईतला, मग जेवलेला.

*

अण्णांचं वेगळंच. त्यांच्याकडं सनईची एक जुनी फीत होती आणि तिच्याबरोबर त्यांना पेटी वाजवायची होती. पण सनई अण्णांच्या पट्टीपेक्षा चढी.

"सुभेदार, पट्टी उतरवा," अण्णा म्हणाले. सुभेदारांनी फीत हळू फिरवली.

"अहो, लय कशाला उतरवली? पट्टी उतरवा, लय नको!"

"अण्णा, जीप हळू चालवली तर गाव उशिराच येनार की!"

"मला गाव वेळेवर पाहिजे!"

"मग उडी मारून पुढं जावा!"

हे भांडण वर्षभर चाललं. शेवटी आम्ही अण्णांना घेऊन मिरजेला एका तंबोरे करणाऱ्या मिस्त्रींकडं गेलो. ते भोपळा घासत होते. सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "साहेब, माझ्याकडं खुंटी पिळली की सूर उतरतो. वाजवणारा बसलेला असतो, तो त्याच्या लयीत वाजवतो. तुमच्या फितीत वाजवणाराच नाही. मी पिळू कुणाला?"

आम्ही परतीची बस धरली. सांगली आल्यावर उतरता उतरता अण्णा म्हणाले, "परदेशात निघालंय म्हणे असलं मशीन." पण कुठं, कसलं, ते कुणी विचारलं नाही.

*

आणि ही ताईंची गोष्ट. ही मी फार कुणाला सांगत नाही.

ताईंच्या गळ्याला गाठ आली. मिरजेला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आम्ही पेढे वाटले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आवाज थोडा उतरेल. शाळेतून लांब रजा मिळाली. पुरती विश्रांती, फक्त शनिवारी बैठकीत थोडं गायला परवानगी.

पहिल्या शनिवारी ताई त्यांची नेहमीची गौळण गायला बसल्या आणि वरचा षड्ज लागायच्या जागी नुसती हवा आली. दुसऱ्या शनिवारीही तेच. ताईंनी तंबोरा खाली ठेवला.

"संपलं हो अण्णा."

"पट्टी उतरवून बघू या का? काळी पाच सोडू. तीन सूर खाली, पांढरी पाचवर..."

"नाही!" ताई एवढ्या जोरात बोलल्या की वहिनी आतून बाहेर आल्या. "काळी पाच माझ्या गुरूंनी दिलीय. ती सोडून गायचं, त्यापेक्षा मी गाणंच सोडते. आणखी एक शनिवार बघते. नाहीतर नमस्कार."

नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, त्या बाईला गाण्याशिवाय दुसरं होतं काय? आम्ही तिघं त्या रात्री जेवलो नाही. मला तर रागच आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

पुढच्या शनिवारी ताई यायच्या आधी अण्णांनी तंबोरा पांढरी पाचवर लावून ठेवला. कुठली पट्टी धरलीय ते दिसू नये म्हणून पेटीवर टॉवेल टाकला. सांगायला कारण, "दमट हवेनं बोटं घसरतात." मी माझा नेहमीचा तबला घरी ठेवून मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा आणला.

"तबला नवा का हो?" ताईंनी विचारलं.

"जुन्याची शाई उडाली," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तबल्याकडं कुणाचं लक्ष गेलं, ते असल्या वेळी!

ताई डोळे मिटून गायला लागल्या. तीच गौळण, तीच लय. वरचा षड्ज आला... आणि लागला! स्वच्छ लागला. ताईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "अण्णा, आलं हो परत!"

वहिनींनी शिरा केला. आम्ही वेड्यासारखे हसत होतो.

दोन-तीन शनिवार छान गेले. मग ताई म्हणाल्या, "सुभेदार, ऑपरेशनच्या आधीची माझी गौळण तुमच्याकडं भरलेली आहे ना? पुढच्या शनिवारी लावा. त्या दिवशीचंही भरून घ्या. दोन्ही शेजारी ठेवून ऐकायचंय मला."

झालं! दोन टेप शेजारी लागल्या की बहिऱ्यालाही कळणार. ताईंना एकदा का समजलं, की त्या परत गाणार नाहीत.

"सुभेदार, काहीतरी करा," अण्णा काकुळतीला आले. "जुनीची पट्टी उतरवा."

"लय बी उतरल की वो!"

"उतरू दे."

नुसती दांडी खाली केली असती तर ताईंचा परत पैलवान झाला असता. मग सुभेदारांनी मशीन उलटं केलं, मोटारीवरचं पितळी चाक काढलं आणि कानस घेऊन अंगणात बसले. चाक बारीक झालं की फीत हळू फिरते. घासायचे, बसवायचे, अण्णा पेटीवर सूर बघायचे, "अजून". परत घासायचे. घासलेलं चाक परत जाड होत नसतं आणि तसलं चाक सांगलीत मिळत नव्हतं. ज्या मशीनला आम्हाला हात लावू दिला नाही, ते त्यांनी स्वतःच्या हातानं बिघडवलं. मी म्हटलं, "सुभेदार, दुसऱ्या सगळ्या फिती वाया जातील."

"जाऊ द्यात," ते म्हणाले. "बाईमानूस गात हाय न्हवं?"

शनिवार आला. ताजी गौळण नुकत्याच घासलेल्या चाकावर भरली, त्याच चाकावर लावली, ती जशीच्या तशी आली. मग जुनी लावली. पट्टी तंतोतंत! पण लय अशी रेंगाळत होती की माझाच तबला ऐकून माझी मान खाली गेली. ताई हनुवटीला हात लावून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

फीत संपली.

"अगं बाई," ताई म्हणाल्या, "तेव्हा मी किती रेंगाळत गायचे हो! आता कशी चपळाई आलीय गळ्यात!"

सुभेदारांनी टोपी काढून घाम पुसला. अण्णा खोकल्यासारखं करत खिडकीकडं वळले. मीही "चहा टाका वहिनी" म्हणून उगाच ओरडलो.

चहा झाला. ताई उठल्या, दारात चपला घातल्या, आणि मागं वळून अगदी सहज म्हणाल्या,

"अण्णा, पुढच्या शनिवारीही पांढरी पाचच ठेवा हं."