हुरड्याचा चटका
आमच्या आंजी गावच्या, घरोघरी तब्येतीची चौकशी करणाऱ्या आरोग्य खात्याच्या आशाताई नसत्या, तर माझा डावा हात आज शिलाई मशीनवर चालला नसता. काल इथे तिरुपूरला बसस्टॉपजवळ कुणी मक्याची कणसं भाजत होतं आणि त्या वासानं मी थेट काकाच्या वावरात पोचलो. हुरडा होता त्या दिवशी. निखाऱ्यातलं ज्वारीचं गरम कणीस मळताना बाकीचे फुंकर मारत, हात बदलत, आणि मी ते खुशाल डाव्या तळहातावर चोळत होतो. आठवीतच शाळा सोडलेला मी, निदान यात तरी पहिला, म्हणून फुगलो होतो. काका म्हणाले, "याचा हात लोखंडाचा आहे, याले अजून दे." आशाताईंनी मात्र खाणं थांबवलं. "काऊन रे, चटका नाई लागत तुले? डोये मीट. काडी लावली का सांगजो." मी डोळे मिटून वाट पाहत राहिलो, आणि त्या माझ्या करंगळीवर कधीपासून काडी फिरवत होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच मला दवाखान्यात घेऊन गेल्या. कुष्ठरोगानं कोपराजवळची नस सुजली होती. अजून उशीर झाला असता तर बोटं वाकडी झाली असती. आई रडायला लागली, तेव्हा ताई म्हणाल्या, "गोळ्या खाल्ल्या का बरा होते, बाई." वर्षभर खाल्ल्या. एका सकाळी चहाच्या कपानं करंगळीला चटका बसला आणि मी तसाच त्यांच्या घरी पळालो. अजूनही रोज झोपताना मी पेनाचं टोपण त्या बोटावर फिरवून बघतो. कधीतरी हुरड्याच्या दिवसांत गावी जाईन आणि ताईंना पहिलं कणीस मीच मळून देईन, फुंकर मारत, हात बदलत.