धाकटीचं उन्हाचं मलम

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. मालकांना सांगितली नाही, माहेरी आईला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा नाही — तिथं तर मी मुद्दाम पोराबाळांचं काहीतरी मागत राहते, म्हणजे ही मधे येऊ नये. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून असेल, तुमच्यापुढं जीभ उचलतेय.

आमचं गाव बोरीच्या जवळ. घरात दोघे भाऊ. थोरले माझे मालक. धाकटा माधव, तो ट्रकवर असतो, आठ-आठ दिवस बाहेर. त्याची बायको वर्षा, माझी धाकटी जाऊ. परभणीत वाढलेली पोरगी शेतात काय टिकणार, असं लग्नात सगळ्याच बाया बोलल्या होत्या. टिकली. कापूस वेचताना माझ्या ओळीला ओळ लावून चालायची. कामात तिला नाव ठेवायला जागा नव्हती — आणि मला ती जागा हवी होती. हे आधीच सांगून ठेवते.

तर, ती झाकून राहायची.

तसं वेचणीला आम्ही सगळ्याच झाकून घेतो. दिवाळीच्या आधीचं ते ऊन — पाऊस सरलेला, थंडी आलेली नाही, वारं पडलेलं. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल, झालं. पण वर्षाचं झाकणं वेगळं होतं. तोंडाभोवती स्कार्फचे दोन वेढे, हातात मोजे, शर्टाची कॉलर उभी. शेतात निघायच्या आधी खोलीचं दार आतून लावायची. दुपारी आम्ही लिंबाखाली भाकरी सोडायचो, तेव्हा ही बैल बांधायच्या छपरामागं जायची. परत यायची ती तोंड चकाकत. आणि एक गोडसर वास.

"कुठं गेल्तीस गं?" मी एकदा विचारलं.

"तोंड धुवायला गेल्ते, आक्का."

तोंड धुऊन कुणाचं तोंड चिकट होतं का? तुम्हीच सांगा.

मग मी बघायला लागले. ती विहिरीवर गेली की तिच्या खोलीत शिरायची. कपड्यांच्या घडीमागं एक पांढरी बाटली सापडली. तशीच बाटली माझ्या पोरीच्या मोबाइलवर जाहिरातीत बघितली होती. उन्हानं माणूस काळं पडू नये म्हणून लावायचं मलम. आता नवरा ट्रकवर, घरी येतो तो झोपायला. मग हिला गोरं राहायचं होतं कुणासाठी?

हा प्रश्न नुसता डोक्यात राहिला असता तर एक वेळ चाललं असतं. पण एका सकाळी मी शेण भरायला वाकले होते आणि मालक बोरीहून आले. त्यांनी पिशवीतून काहीतरी काढून वर्षाच्या हातात दिलं. ती नवी बाटली होती. मालक हळूच म्हणाले, "आत ठिव. हिला दिसू देऊ नको."

हिला म्हणजे मला.

त्या दिवसापासून मला घरातलं प्रत्येक माणूस खोटं वाटायला लागलं. मालकांच्या ताटात ती भाजी किती वाढते, ते मान खाली घालून जेवतात की वर बघतात, ती हसली तर कशाला हसली — मी सगळं बघायची. ते बोरीला निघाले की मी वर्षाचं तोंड बघायची. ती गप्प असली तर वाटायचं लपवतेय, बोलली तर वाटायचं झाकतेय. विचारलं का नाही, म्हणाल. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना. मला उत्तर नको होतं. मला माझं खरं व्हायला हवं होतं.

आता सांगते. फार लांबवलं.

घरात कुणी नव्हतं. मी ती नवी बाटली काढली, शिक्का तिनं आधीच फोडलेला होता, टोपण फिरवलं, आणि मलम मोरीत ओतून वरून पाणी सोडलं. माझ्याकडं थंडीत हातापायांना लावायचं साधं लोशन होतं, तसंच पांढरं. ते त्या बाटलीत भरलं, टोपण लावलं, कडा पदरानं पुसून बाटली होती तिथं ठेवली. वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. होऊ दे की काळी, म्हटलं, आमच्यासारखी. बघू मग कोण बाटल्या आणतंय.

दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून बघितलं. तिनं तळहातावर घेतलं, नाकापाशी नेलं, जरा थांबली. मग लावलं. मानेला, कानामागं, गालाला, अगदी जपून, पहिल्यासारखंच.

तेव्हा दार ढकलता आलं असतं. नाही ढकललं.

त्या वेळी वेचणी जोरात होती. बोंडं फुटून कापूस खाली लोंबत होता. आम्ही उजाडता शेतात जायचो ते ऊन उतरल्यावर परतायचो. वाकून चालताना वर्षाचा स्कार्फ घामानं भिजून खाली घसरायचा, ती तो सारखा वर ओढायची. मान लाल झालेली मला दिसत होती. मी माझ्या ओळीतला कापूस वेचत राहिले. मग एका दुपारी ती ओळीतच खाली बसली. मी जवळ गेले, स्कार्फ सोडला. कानामागून मानेपर्यंत फोड उठले होते. गालाची कातडी सुटत होती. आणि त्या फोडांच्या मधे, केसांखाली, एक डाग होता. जुना. तळहाताएवढा, दुधासारखा पांढरा.

कोड.

"आक्का," ती म्हणाली, "कुणाला सांगू नका."

माधव नेमका घरी होता. जीप करून तिला परभणीला न्यायचं ठरलं. मी तिला धरून मागं बसले, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. बोरीत माधवनं जीप थांबवली. ज्या मेडिकलातून मालक मलम आणायचे, तिथं दोघे भाऊ बाटली घेऊन उतरले. दुकान भर रस्त्यावर, मला सगळं ऐकू येत होतं.

"हे बघ काय दिलंस! बायकूचं तोंड भाजलं माझ्या!" माधव ओरडला.

मेडिकलवाला वयस्कर माणूस. त्यानं बाटली उघडली, बोटावर घेतलं, वास घेतला. म्हणाला, "दादा, हे ते न्हाईच. बाटली माझी हाय, पर आतला माल दुसरा हाय. कुणीतरी बदललाय."

"म्हंजे आमच्या घरच्यांनी बदललाय का?" हे माझे मालक. जन्मात कुणावर हात न उचललेला माणूस, त्यांनी त्याची गचांडी धरली. "नकली माल इकायलास आन् वरून आमच्या घरावर येतूस?"

माणसं जमली. तो म्हातारा हात जोडून एवढंच म्हणत होता, मी शिक्का बघून दिली, मी शिक्का बघून दिली. जीपपासून दुकान असं किती लांब होतं? एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. मी वर्षाच्या डोक्यावर पदर ओढला. ऊन लागू नये म्हणून.

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, अशा कातडीला ऊन सोसत नाही, आणि भाजलं की तिथं नवे डाग उठू शकतात, म्हणून तर मलम दिलं होतं. माधवला लग्नाआधीपासून माहीत होतं. मालकांना त्यानंच सांगितलं होतं. तो ट्रकवर असला की मलम आणायचं काम त्यांच्याकडं. बाहेर आल्यावर मी मालकांना विचारलं, मला का नाही सांगितलं?

"तुला?" ते म्हणाले. एवढंच.

ते का म्हणाले ते मला कळलं. माझ्या भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा तिच्या घोट्यावर पांढरा ठिपका मीच हेरला होता. भरल्या बैठकीत, पोह्याच्या बशा हातात असताना बोलले होते — असली पोर आमच्यात चालायची न्हाई. ती पोरगी आत उठून गेली. मालक शेजारीच बसले होते.

फोड बरे झाले. थंडी सरता सरता वर्षाच्या गालावर पांढरं उठलं, मग ओठाच्या कडेला, मग सगळ्या मानेवर. जे केसांखाली झाकलेलं होतं ते आता समोरून दिसतं. लग्नकार्यात काही बाया तिच्या पंगतीला बसत नाहीत, मी बसते. तिला मी जपते म्हणून गावात माझं नाव चांगलं आहे. जाऊ असावी तर अशी, म्हणतात. ऐकून घेते. त्या मेडिकलवाल्याचं नाव मात्र नकलीवाला पडलं. गिऱ्हाईक तुटलं, त्यानं दुकान बंद केलं आणि वालूरकडं लेकीच्या गावी गेला, असं ऐकलं. चौकशी केली नाही. त्याला नकलीवाला म्हणताना मालक अजून बोटं मोडतात, आणि मी चहा गाळत असते.

वर्षाला ठाऊक आहे का? हे मला कळत नाही. नवी बाटली ती आता स्वतः आणते. माझ्यादेखत शिक्का फोडते, वास घेते, मग लावते. सवय असेल. पण ती माझ्यादेखतच का फोडते? मी तिचा चेहरा बघत राहते, त्या पांढऱ्या डागांवरून काही वाचता येत नाही. पूर्वी मी तिच्यावर नजर ठेवायची. आता कोण कुणावर ठेवतंय, सांगता येत नाही.

परवा वेचणीला निघालो होतो. तिनं स्वतःला लावून झालं आणि माझा हात धरून तळहातावर थोडं मलम ओतलं.

"लावा, आक्का. तुमच्या बी गालावर उन्हानं चट्टे पडायलेत."

आणि जागची हलली नाही. स्कार्फ हातात धरून माझ्याकडं बघत उभी राहिली.

मी दोन्ही गालांना चोळलं. मानेलाही चोळलं. मग तिनं स्कार्फ बांधला, आणि आम्ही शेताकडं चालायला लागलो.