रेघेपलीकडची खोली

शुक्रवार पेठेत गेले की मला अजून दोन गावं दिसतात. एक आहे ते, सगळ्यांना दिसतं ते. आणि दुसरं वडिलांनी कागदावर काढलेलं. त्या दुसऱ्या गावात आमच्या बोळाच्या तोंडाशी दुमजली प्रसूतिगृह आहे. तिथून पुढं वाचनालय, पुढं भाजीमंडई, आणि या सगळ्यांच्या अंगावरून जाणारा रुंद, सरळ रस्ता. यातलं काहीच झालं नाही. न झालेल्या इमारतींना भिंती नसतात, पण मी त्या जागांवरून जाताना आजही अंग चोरून जाते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. गावाच्या विकासाचे नकाशे जिथं व्हायचे त्या कचेरीत ते ट्रेसर होते. इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढायचे. त्यावर पारदर्शक कागद पसरून काळ्या शाईनं तो गिरवायचा, हे अण्णांचं काम. हात असा स्थिर की चहाचा कप भरून दिला तरी बशीत थेंब सांडायचा नाही. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला नकाशे छापायच्या अमोनियाचा उग्र वास यायचा. आई म्हणायची, “आले बघा, गाव बांधून आले.”

आई करकंबची. माहेर शेतकऱ्याचं, बोलणं रोखठोक आणि जीभ तिखट. मी त्यांची एकुलती एक. रविवारी अण्णा मला फिरायला न्यायचे, आणि मोकळ्या जागेपाशी थांबून हात करायचे. “हे बघ, इथं बायकांचा दवाखाना. हा दरवाजा, हा व्हरांडा.” मला तिथं एक उकिरडा आणि चार शेळ्या दिसायच्या. पण ते इतकं मनापासून सांगायचे की थोड्या वेळानं मलाही व्हरांडा दिसायला लागायचा. मैत्रिणींना मी सांगत सुटायचे, आमच्याकडं वाचनालय होणार हाय की! त्या विचारायच्या, कधी? मी अण्णांचंच उत्तर द्यायचे, “निधी आला की.”

निधी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. कुणीतरी लांबून येणारा पाहुणा असावा, असं वाटायचं.

एका संध्याकाळी अण्णा जेवायला बसले आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, “आपलं घर रस्त्यात येतंय.”

“कुटल्या रस्त्यात?” आईनं विचारलं.

“नव्या. आज गिरवला मी. पुढची खोली जाईल. मागची आणि स्वयंपाकघर राहील.”

“तुमीच गिरवला?”

“मग कोण गिरवणार?”

कचेरीतले लोक त्यांना म्हणाले होते, साहेबांना सांगून बघा, जरासा वळवतील. अण्णांनी सांगितलं नाही. सरळ रस्ता स्वतःच्या घरापुरता वाकडा करायचा, हे त्यांना लाजिरवाणं वाटलं. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. आणि त्या अभिमानाचा मला इतक्या वर्षांनंतरही संताप येतो. माणसानं प्रामाणिक असावं, जरूर असावं. पण त्यापायी घरात कुणी दुसरंही राहतं, हे विसरावं का?

पुढच्या रविवारी त्यांनी टेप धरून घर मोजलं आणि पुढच्या खोलीच्या मागल्या टोकाला, भिंतीपासून भिंतीपर्यंत, फरशीवर कोळशानं रेघ ओढली. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. “झालं! आणली सवत घरात,” ती म्हणाली. शेजारच्या मावशी पोट धरून हसल्या. त्यांच्या घरी माग होते, तेलुगू बोलणारी माणसं. पण त्यांनाही सवत बरोबर कळली.

त्या दिवसापासून आमचं घर दोन झालं. रेघेच्या अलीकडं घर, पलीकडं रस्ता. अण्णांनी देवांच्या तसबिरी आत आणल्या, ट्रंका आत आणल्या, खुंट्यासुद्धा उपटून आत ठोकल्या. पुढच्या खोलीतनं ते जायचे ते परक्याच्या अंगणातनं जावं तसे, कडेकडेनं. मलाही सवय लागली. मी शाळेतनं आले की दारातनं रेघेपर्यंत पळत यायचे. तिथं बसायला मला भीती वाटायची. दुपारी ती खोली रिकामी दिसली की वाटायचं, भिंती आहेत हे उगीच. आत्ता इथनं कुणीतरी सायकलवरून जाईल.

फक्त आई हलली नाही. ती पेठेतल्या बायकांची पोलकी शिवायची, आणि तिचं मशीन पुढच्या खोलीच्या खिडकीत होतं. मागच्या खोलीला खिडकीच नव्हती. “रस्ता येईल तवा येईल. तवर माझं मशीन हितंच,” तिनं सांगून टाकलं. दिवसभर त्या रिकाम्या खोलीत ती आणि तिचं मशीन, एवढंच असायचं.

आता छपराचं सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच घडलं. आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काटक्या, आणि वर मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात गाढवांवरून पांढरी माती यायची आणि ती माळवदावर पसरून दाबायची. ही माती पाणी आत जाऊ देत नाही. पण एखादं वर्ष चुकलं की माळवद बारीक भेगा धरतं, आणि मग देवच मालक.

रेघ पडल्यानंतरच्या उन्हाळ्यात माती आली. अण्णा वर चढले. त्यांनी खालच्या रेघेच्या बरोबर वर, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत दोरी ताणून बांधली आणि गड्याला सांगितलं, “दोरीपर्यंतच टाकायची. पलीकडं नाही.”

गडी म्हणाला, “मालक, असं अर्धं माळवद कुणी करतं व्हय?”

“पलीकडचं आमचं नाही,” अण्णा म्हणाले.

त्यानं दोरीपर्यंत माती टाकली आणि कडा अशी सुबक काढली की जणू ट्रेसिंगच. अण्णा खूश. त्यांच्या मनात सगळं सपाट होतं, कागदासारखं. आमच्या माळवदाचा उतार मात्र पुढं, रस्त्याकडं होता. मागचा भाग वीतभर उंच झाला तर त्याचं पाणी कुठं जाणार, हा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही. पुढच्याही उन्हाळ्यात माती दोरीपर्यंतच पडली, आणि त्याच्याही पुढच्या.

आणि पाऊस पडलाच नाही! बहात्तरचा तो दुष्काळ. नळाला पाणी नाही, बायका रात्रंदिवस घागरी घेऊन रांगेत. माळवद फुटलंय की धडकं आहे, हे कळायला आधी थेंब तर पडायला पाहिजे. अण्णा म्हणायचे, “बघ, काही झालं का?” आई म्हणायची, “ह्यांचं नशीब कोरडं हाय म्हणून वाचलं घर.”

कचेरीचं अंदाजपत्रक झालं की दर वर्षी आई विचारायची, “आला का तुमचा रस्ता?” अण्णा टोपी काढत म्हणायचे, “यंदा तरतूद नाही. पाण्याला गेलं सगळं. बरोबर आहे, पाणी आधी.” पण नकाशातनं रस्ता काढला जायचा नाही. प्रसूतिगृह, वाचनालय, मंडई, रस्ता, सगळं पुढच्या वर्षाच्या नकाशात पुन्हा असायचं, आणि अण्णा ते पुन्हा त्याच निगुतीनं गिरवायचे. मारत नाहीत आणि जगवत नाहीत, असा तो प्रकार होता.

दुष्काळ सरला, पण तो पाऊस तुटक होता, माळवद नुसतं ओलावलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आईनं हट्ट धरला. पुढच्या खोलीत मशीनवर बारीक माती झरायला लागली होती. शिवायला घेतलेलं कापड ती दर वेळी झटकून घ्यायची. “औंदा पाऊस हाय म्हणत्यात. त्या अर्ध्यावर माती टाका. मी तुमच्याकडं दुसरं काय मागितलंय?”

अण्णांचा आवाज सहसा चढायचा नाही. त्या दिवशी चढला. “तुला कळत नाही का? लोक माझ्या छपराकडं बघतात! कचेरीतला माणूस म्हणून बघतात. मी पुढच्या भागावर माती टाकली की संध्याकाळपर्यंत अख्खी पेठ म्हणणार, रस्ता रद्द झाला, ह्याला आतली बातमी आहे. उद्या सगळे पक्क्या भिंती बांधतील. मग रस्ता होईल का?”

“न्हाय झाला तर न्हाय झाला! मला काय करायचाय?”

“मग मी इतकी वर्षं काय गिरवलं?”

आई हातातल्या कापडाची घडी घालत राहिली. मला वाटतं, तिला त्यांची दया आली. मला आली नाही. मी तेव्हा आठवीत होते, मला फक्त एवढं कळलं की अण्णांनी रस्ता निवडला.

“तू आत बस,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

“आत उजेड हाय का?” आईनं विचारलं, आणि मशीनवर जाऊन बसली.

गंमत म्हणजे पेठेतल्या बाकी सगळ्यांनी गुपचूप माती टाकून घेतली होती. आमच्याकडं बघून कुणीही थांबलेलं नव्हतं. हे आम्हाला नंतर कळलं.

पाऊस हस्ताचा लागला. बारीक, न थांबता, नुसती झड. पुढच्या खोलीत आधी एका कोपऱ्यात गळलं, मग रेघेच्या बरोबर वर ओळीनं थेंब पडायला लागले. अण्णांनी खाली पातेली मांडली. “उघडेल दोन दिवसांत. पण तू आत ये. ऐक माझं, आत ये,” असं कचेरीत जाताना त्या दिवशी ते म्हणाले. दारात छत्री उघडून उभे राहिले आणि पुन्हा म्हणाले. आई म्हणाली, “दसऱ्याची पोलकी राहिल्यात. एवढी दोन झाली की येते.”

मी शाळेला गेले नव्हते. मागच्या खोलीत अभ्यास करत होते. मशीन चालल्याचं ऐकू येत होतं. ती मला म्हणाली, “चहा टाकतीस का गं?” मी उठले, स्टोव्हला पंप मारत होते. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. ओली माती फार आवाज करत नाही. नुसतं धप्प झालं, आणि घरात एकदम उजेड आला. इतका उजेड त्या घरात मी कधी बघितला नव्हता.

तुळई बरोबर दोरीच्या खाली मोडली होती. मागची खोली शाबूत. फरशीवर कोळशाची रेघ होती तिथपर्यंत माती आली होती. मी हाका मारत होते, हातानं उकरत होते. मागवाल्या मावशी आणि त्यांच्याकडचे विणकर धावले, त्यांनीच काढलं तिला. ती गेली होती.

अण्णा कचेरीतनं आले. आधी वर बघितलं, मग खाली. त्या मोडक्या कडेवरून पाणी अजून धारेनं पुढं पडत होतं. त्यांना सगळं एका क्षणात कळलं असणार, कारण ते एवढंच म्हणाले, “उतार.” आणि मटकन त्या चिखलात बसले.

मी त्यांच्याशी वर्षभर बोलले नाही. भाकरी वाढायचे, पाणी द्यायचे, पण तोंडातनं शब्द नाही.

उरलेल्या भिंती धोकादायक म्हणून कचेरीच्या माणसांनी पाडल्या आणि दगडमाती उचलून नेली. अण्णांनी मागच्या खोलीला नवी भिंत घातली, तिला दार ठेवलं. पुढची जागा मोकळी राहिली. शेजारचा बोळ आणि आमच्यापुढचा बोळ यांच्यामध्ये आमची पुढची खोलीच आडवी होती. आता फट पडली. पहिल्यांदा एक शेळी गेली. मग शाळेतली पोरं. मग दूधवाला सायकल हातात धरून. उन्हाळा येईपर्यंत तिथं पायवाट पडली, अगदी मशीन होतं तिथून. पुढच्या दसऱ्याला मी म्हटलं, कुंपण घाला. वर्षातलं माझं पहिलं वाक्य ते. अण्णा म्हणाले, “जाऊ दे. लोकांना लागतो रस्ता.”

मला वाटलं, धन्य आहे या माणसाची! अजून नाद सुटत नाही. मी रागारागानं आत निघून गेले.

पण त्यानंतर मी बघायला लागले. कचेरीतनं आले की ते नव्या भिंतीला टेकून दाराच्या पायरीवर बसायचे, अंधार पडेपर्यंत. मिलचा भोंगा झाला की त्या फटीतनं माणसांची रीघ लागायची. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत काहीतरी पुटपुटायचे. माझा समज, ते माणसं मोजतात, आपल्या रस्त्याची रहदारी मोजतात. त्याचाही मला राग यायचा.

एकदा मी त्यांना चहा द्यायला दारात आले. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई त्या फटीतनं येत होती. खेड्यावरची असावी, पेठेतली नव्हती. अण्णांना बघून ती हसली. “हितलं कुनाचं घर पडलं म्हनं. लई जवळ झालं बघा बाजाराला.”

अण्णा अर्धवट उठले. हात पुढं करून, एखाद्या झोपलेल्याला जाग येऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाले, “बाई, जरा कडेनं जा. तिथं माणूस आहे.”

ती थबकली. पायाखाली बघितलं, इकडंतिकडं बघितलं. तिला कुणी दिसलं नाही. मग तिनं पाटी सावरली आणि मधूनच सरळ निघून गेली.