पुसलेल्या फळ्याची तळटीप

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी 'महालातल्या विहिरी' हा विषय घेतला तेव्हा महालात, म्हणजे नागपूरच्या त्या जुन्या वस्तीत, विहिरी नेमक्या किती, हे मला ठाऊक नव्हतं. पण त्यांच्याबद्दल मी कुठंही, कितीही बोलू शकत असे. माझं ऐकता ऐकता टपरीवर लोकांचा चहा गार होई, आणि तोही नागपुरात, मे महिन्यात!

सावनेरच्या कॉलेजात माझी नोकरी ठरल्यातच जमा होती. फक्त सोमवारपर्यंत प्रबंध दाखल केल्याची पावती दाखवायची होती. शुक्रवारी टाइप केलेल्या तीन प्रती घेऊन मी मार्गदर्शक सरांकडे सहीसाठी गेलो. सर तळटिपा आधी वाचत, मजकूर मागून. जेवायला बसले तरी हे वरण कोणत्या आधारावर केलं म्हणून विचारतील, असा माणूस. चौथ्या प्रकरणावर त्यांचं बोट थांबलं.

"ह्या विहिरीतून सावनेरपर्यंत भुयार जाते म्हणतोस. अन् तळटीप काय, तर 'चौकातील फळा'. काहून गा, फळा म्हणजे ग्रंथ आहे का?"

"छापील कुठंच नाही, सर. फळ्यावरच होतं."

"आता जाऊन पाहिलं तर दिसन?"

"आता तिथं शेळी हरवल्याचं लिहिलंय, सर."

हा फळा एक निवृत्त मास्तर चालवत. रोज सकाळी ओल्या फडक्यानं कालचं पुसायचं आणि नवं लिहायचं: बातम्या, नळाची वेळ आणि तळाशी शहराची थोडी माहिती. ती माहिती मी वहीत उतरवून घेई.

"पुसलं जाणारं वापरू नको, असं मी म्हणून नाही राहिलो," सर म्हणाले. "पण कोणी लिहिलं, कुठं, कधी, अन् तू कोणत्या दिवशी पाहिलं, हे सांग. अन् लिहिणाऱ्यानं कुठून घेतलं तेही विचारून ये. परीक्षकानं पुरावा मागितला तर फडकं दाखवशील का त्यांले?"

मी सायकल अशी हाणली की कोराडीची बस मागं पडली. बसच्या कंडक्टरनं मला टोपी काढून नमस्कार केला, असं मी पुढं कित्येक वर्षं सांगत होतो.

मास्तरांकडे फळ्यावरच्या प्रत्येक मजकुराची नोंदवही निघाली. मला हायसं वाटलं. त्यांनी पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"भुयार ना? हे तं तूच सांगतलं होतं, बाप्पा. टपरीवर. कंदील घेऊन आत गेलो होतो म्हणे!"

"मी?"

"तूच. फळ्यावर यायच्या रांगेत होतं. सहा महिन्यांनी नंबर लागला."

"मास्तर, ती गंमत होती!"

"मंग तसं सांगाचं ना लेका! तू एवढा शिकलेला, मले काय मालूम?"

सहा महिन्यांत मी माझीच थाप विसरलो होतो, आणि मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरात वाचल्यावर मला ती शंभर टक्के खरी वाटली होती. इतक्या सुंदर अक्षरात कोणी खोटं लिहितं का?

सरांना सगळं सांगितलं.

"पान काढून टाकू, सर?"

"पान काढशील तर पुढचे सगळे आकडे बदलतील. सोमवार गेला मग. तळटीप बदल. शाईनं लिही. अन् एकदा तरी खरं लिही."

तिन्ही प्रतींत मी हातानं लिहिलं: 'मूळ स्रोत प्रस्तुत लेखक, चहाची टपरी, महाल. त्यावरून सहा महिन्यांनी चौकातील फळ्यावर. दुसऱ्या दिवशी पुसले. लेखकाने लिहिले त्याच दिवशी फळ्यावर पाहून येथे घेतले. भुयाराचा पुरावा नाही.' खाली तारखाही घातल्या, मास्तरांच्या वहीतून.

सरांनी सही केली. सोमवारी पावती मिळाली.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी नेमकी तीच तळटीप मोठ्यानं वाचली. सर खिडकीबाहेर बघू लागले.

"बाकीच्या एकशे बारा तळटिपांबद्दल मला शंका आहे," परीक्षक म्हणाले. "ही एक तेवढी खरी वाटते."

सेकंड क्लास मिळाला. सावनेरला रुजू झालो आणि पहिल्याच तासाला, आधार कसा द्यावा, हे मुलांना तळमळीनं शिकवलं. भुयाराचं उदाहरणही दिलं. फक्त ते माझ्या एका मित्राच्या बाबतीत घडलं, असं सांगितलं.